कोणत्या कळा बाहेर ठेवाव्या?

रेडिओच्या पेटीला बाहेर दोन-तीनच कळा असतात. आतल्या तारांना हात लावण्याची पाळी ऐकणाऱ्यावर येत नाही. संगणकाचा प्रोग्राम तयार सुट्या भागांतून जुळवावयाचा झाला, तर तेथेही हाच प्रश्न उभा राहतो : भाग घडविणाऱ्याने बाहेर काय ठेवावे आणि आत काय झाकावे?

बोर्लंड कंपनीने १९९५ साली काढलेले 'डेल्फी' हे साधन या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. पडद्यावर कोरा फॉर्म असतो. त्यावर बटण, टायमर असे घटक उचलून ठेवावयाचे. बाजूला 'ऑब्जेक्ट इन्स्पेक्टर' नावाचा तक्ता असतो. त्यात निवडलेल्या घटकाचे गुणधर्म दिसतात आणि तेथल्या तेथे बदलता येतात.

आता या तक्त्यात काय यावे, हे ठरवितो कोण? घटकाचा कर्ता. घटकाच्या वर्गाला चार दालने असतात असे समजा. 'प्रायव्हेट' म्हणजे माजघर, परक्यास मज्जाव. 'प्रोटेक्टेड' वारसवर्गांना मोकळे. 'पब्लिक' प्रोग्राममधल्या कोणत्याही भागास मोकळे. पण तक्त्यात मात्र ते दिसत नाही. तक्त्यात येते ते 'पब्लिश्ड' दालनातले.

टायमरचेच पाहा. त्याच्या 'इंटरव्हल' या गुणधर्मात दोन ठोक्यांमधले अंतर मिलिसेकंदांत असते. ठरीव मूल्य १०००, म्हणजे एक सेकंद. चालू प्रोग्रामात हा आकडा बदलला, की आत जुना टायमर बंद होऊन नवा सुरू होतो. वापरणाऱ्यास हा खटाटोप दिसत नाही. कळ बाहेर, तारा आत!

परंतु, श्रोतेहो, येथेच कर्त्याची खरी जबाबदारी सुरू होते. फॉर्म जतन करताना ठरीव मूल्याहून वेगळी असलेली मूल्येच साधारणपणे फाइलीत लिहिली जातात. पुढे कर्त्याने गुणधर्माचे नाव बदलले, तर जुना फॉर्म उघडताना तो गुणधर्म सापडत नाही आणि चूक दाखविली जाते. ही चूक निदान दिसते तरी. पण त्याने ठरीव मूल्य १००० चे ५०० केले तर? जुन्या फाइलीत १००० हा आकडा लिहिलेलाच नसतो. ते सारे टायमर बिनबोभाट दुप्पट वेगाने ठोके देऊ लागतात!

'पब्लिश्ड' म्हणजे प्रसिद्ध केलेले. प्रसिद्ध केलेला शब्द इतरांनी आपल्या व्यवहारात धरलेला असतो. म्हणून जेवढे पुढेही निभावता येईल, तेवढेच कर्त्याने तक्त्यात मांडावे.