इकडे आड, तिकडे विहीर

काही वर्षांपूर्वी घरातल्या एका आजारपणात हाती आलेला तपासणीचा कागद मी जपून ठेवला आहे. प्रतिजैविकांची नावे एकाखाली एक, आणि बहुतेकांपुढे एकच अक्षर : 'आर'. रेझिस्टंट, म्हणजे जिवाणू औषधाला दाद देत नाही. जिवाणूचे नाव होते स्यूडोमोनास एरुजिनोसा. हे औषध निष्प्रभ ठरते म्हणजे नेमके काय होते, या प्रश्नाने मी वाचू लागलो आणि फेजपर्यंत पोहोचलो.

बॅक्टेरियोफेजला मराठीत 'जिवाणुभक्षक' म्हणतात. शब्द देखणा, पण फसवा. हा विषाणू जिवाणूला खात नाही. त्याच्या आवरणावरची ठरावीक खूण शोधून तो तिथे चिकटतो, आपला जनुकीय धागा आत सोडतो आणि जिवाणूच्याच यंत्रणेकडून आपल्या प्रती काढून घेतो. शेवटी जिवाणू फुटतो. भक्षक कसला, घरधन्यालाच राबवून घर पाडणारा भाडेकरू म्हणा! फेलिक्स डेरेलने 1917 मध्ये त्याला हे नाव दिले आणि 1927 मध्ये तो पंजाबात कॉलऱ्याच्या रोग्यांवर फेजचे प्रयोग करत होता. पुढे पेनिसिलिन आले आणि जॉर्जियातल्या तिबिलिसीसारखी ठिकाणे सोडता फेज मागे पडले. दोन्ही एकत्र वापरण्याची कल्पनाही जुनीच. 1945 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पेनिसिलिन आणि फेज यांच्या संयुक्त परिणामावर लेख आला होता.

आता स्यूडोमोनासकडे. त्याच्या आवरणात पंप असतात. आत शिरलेले औषध ते बाहेर फेकतात. या पंपांच्या बाहेरच्या तोंडाशी 'ओपीआरएम' नावाचे प्रथिन असते. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या बेंजामिन चॅन, पॉल टर्नर आणि सहकाऱ्यांना कनेक्टिकटमधल्या डॉज पाँड या तळ्याच्या पाण्यात एक फेज सापडला. त्याची चिकटण्याची खूण हेच प्रथिन! 2016 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. म्हणजे जिवाणूने पंप राखला तर फेज आत शिरणार, आणि फेज टाळायला पंप टाकला किंवा बिघडवला तर औषध आत साचणार. इकडे आड, तिकडे विहीर. एरवी औषधांच्या माऱ्यात पंपवालेच तगतात. इथे तोच पंप जिवावर उठतो, आणि निकामी ठरलेली जुनी औषधे पुन्हा चालू लागतात.

2016 च्या जानेवारीत हा फेज एका रोग्याला दिला गेला. ते स्वतः डॉक्टर, वय सत्तरीपुढचे. महाधमनीत बसवलेल्या कृत्रिम नळीवर स्यूडोमोनासने ठाण मांडले होते आणि मोठी शस्त्रक्रिया धोक्याची होती. नळीजवळच्या पोकळीत फेज आणि सेफ्टाझिडिम एकत्र सोडले. सुमारे महिन्याभरात वेगळ्याच कारणाने रक्तस्राव झाला, शस्त्रक्रिया करावी लागली आणि नळीचा काही भाग बदलला. त्या वेळच्या नमुन्यांत स्यूडोमोनास सापडला नाही. पुढे प्रतिजैविक थांबवले, तरी तो संसर्ग उलटला नाही. नळीच बदलली, मग श्रेय फेजचे किती? नमुने शस्त्रक्रियेच्या वेळचे असल्याने माझे मत फेजच्या बाजूने झुकते. पण एका रोग्यावरून पुरावा उभा राहत नाही, हेही खरे.

शिवाय कोणतेही प्रतिजैविक कोणत्याही फेजबरोबर चालत नाही. काही औषधे जिवाणूची प्रथिने बनवणारी यंत्रणा बंद पाडतात. फेजही तिच्यावरच जगतो, त्यामुळे अशी जोडी एकमेकांचे पाय ओढू शकते. याच्या उलट, 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सेफोटॅक्झिमच्या अगदी अल्प मात्रेने ई. कोलाय मरत नव्हते, नुसते लांबत होते, आणि त्या लांबलेल्या पेशींत फेज कितीतरी अधिक निपजत होते. जिवाणूही पंपाला हात न लावता, आवरणात भलताच बदल करून फेज चुकवू शकतो. तेव्हा कोंडी फुटते आणि औषधाचा लाभही जातो. म्हणून आधी त्याच रोग्याचा जिवाणू काचपात्रात वाढवायचा, त्यावर फेज सोडायचा, आणि जे जिवाणू तगतील त्यांच्यावर औषधांची तपासणी पुन्हा करायची. कागदावरचा 'आर' बदलतो का, ते तिथे कळते.