अमेरिकेतल्या बेगम बर्वे
(मराठी नाटक परमुलखात : लेखांक ६)

गेल्या आठवड्यात आपण ‘घाशीराम कोतवाल’चा १९८० सालचा युरोप दौरा पाहिला. मराठीचं अक्षरही न कळणाऱ्याला तिथे ब्राह्मणांची ती डुलणारी, उघडमीट करणारी भिंत दिसत होती. डोळ्यांना दुभाष्या लागत नाही. आजचं नाटक मात्र कानांचं आहे.

सतीश आळेकरांचं ‘बेगम बर्वे’ पुण्याच्या थिएटर अकॅडमीने १९७९ साली रंगमंचावर आणलं. चंद्रकांत काळे बर्वे झाले होते. हा बर्वे म्हणजे संगीत नाटक कंपनीत किरकोळ स्त्रीभूमिका केलेला नट. कंपन्यांचे दिवस सरले. आता शामरावाच्या धाकात उदबत्त्या विकतो. जावडेकर आणि बावडेकर हे दोन कारकून, कचेरीतल्या नलावडेबाईंच्या स्वप्नात रमलेले. तिघांची स्वप्नं एकमेकांत शिरतात. बर्वे नलावडेबाई होतो, जावडेकरांशी लग्न लागतं, चक्क दिवसही जातात! आपण हसत राहतो आणि कुठल्या क्षणी ते हसू घशात अडकतं ते कळत नाही. मधूनमधून जुनी नाट्यपदं येतात, आणि स्वप्न आपल्यालाही खरं वाटू लागतं.

त्या संगीत रंगभूमीची बरीचशी माणसं आपल्याच जिल्ह्यातली. देवल हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे, बालगंधर्वांचं गाव नागठाणे. शिराळ्यातल्या जुन्या माणसांपुढे पदाची पहिली ओळ म्हटली, तर दुसरी कुणीतरी आपसूक म्हणेल. बर्व्याची सगळी गंमत आणि सगळी वेदना या ओळखीवर उभी आहे.

मग ही ओळख नसलेल्या गावी काय होणार? शांता गोखल्यांनी नाटक इंग्रजीत नेलं. २००५ साली जॉर्जिया विद्यापीठाच्या नाट्यविभागाने आळेकरांनाच बोलावलं आणि त्यांनी तिथे ते इंग्रजीत बसवलं. ‘घाशीराम’सोबत आख्खी मंडळी विमानात बसली होती, इथे संहिता गेली आणि लेखक गेला.

पुरुषाने स्त्री होणं इंग्रजी रंगभूमीला नवं नाही. १६६० पर्यंत तिथेही पोरंच नायिका रंगवत. पण तो त्यांच्यासाठी पुस्तकातला इतिहास. आपल्याकडे बालगंधर्वांना पाहिलेली माणसं ‘बेगम बर्वे’ आलं तेव्हा प्रेक्षागृहात बसलेली होती. माझ्या मते कारकुनांचं एकटेपण समुद्रापार सहज पोचावं. बर्व्याची दुय्यम भूमिकांतली तडफड मात्र निम्मीच. गायला मिळालं नाही याचं दुःख कळायला ते गाणं आधी कानात असावं लागतं.

दिल्लीचं उदाहरण जवळचं आहे. अमाल अल्लानांनी नाटक हिंदीत केलं, त्यात बर्वे झाले मनोहर सिंग. भारदस्त बांध्याचा, घनगंभीर आवाजाचा हा नट बेगम म्हणून उभा राहिला, तेव्हा प्रयोगाचा भार गळ्यावरून देहावर आला. परक्या भाषेत हे नाटक बसवणाऱ्याला हीच वाट मला अधिक खात्रीची वाटते.

पुढच्या आठवड्यात आळेकरांचंच १९७४चं ‘महानिर्वाण’ : मेलेले भाऊराव कीर्तन करत जुन्याच स्मशानाचा हट्ट धरतात, ते नाटक.