लाइट गेली की कार्ड जातं

ऑरेंज पाय 5 आणि रास्पबेरी पाय 5 या चिमुकल्या संगणक-बोर्डांची जुगलबंदी आज लावायची होती. ती आता पुढच्या आठवड्यात. मध्येच नालासोपाऱ्याच्या एका वाचकाचा प्रश्न आला, आणि तो वसई-विरार पट्ट्यात बोर्ड चालवणाऱ्या कुणालाही पडेल असा आहे. लाइट परत आली, रास्पबेरी पाय 4 वरचा लाल दिवा लागला, पण हिरवा काही लुकलुकेना. आता कुठला बोर्ड घ्यावा?

कुठलाच नको. बोर्ड बहुधा ठणठणीत असतो. गेलेलं असतं ते कार्ड.

मायक्रोएसडी कार्ड घडलं कॅमेऱ्या-मोबाइलसाठी. लिनक्सची तऱ्हा वेगळी. घर झोपलं तरी ते लॉगमध्ये काहीबाही खरडत बसतं. चार ओळी लिहायच्या म्हटल्या तरी कार्डातल्या कंट्रोलरला फ्लॅशचा मोठा ठोकळा नव्याने भरावा लागू शकतो, शिवाय कुठला मजकूर कुठे ठेवला याची नोंदही बदलावी लागते. नेमकी त्याच क्षणी वीज गेली, तर ज्या फायलींना कुणी हातही लावला नव्हता त्यासुद्धा खराब होऊ शकतात. लिनक्सच्या एक्स्ट4 फाइल सिस्टिमचं जर्नल इथे हात टेकतं, कारण कार्डाच्या पोटातली ही नोंदवही त्याला दिसतच नाही.

म्हणून कार्डाला नावं ठेवायचं कारण नाही. 2012 च्या नोव्हेंबरात ‘आकाश 2’ टॅब्लेट आला. आत ऑलविनर ए13 ही एआरएम चिप, 512 एमबी रॅम, वर अँड्रॉइड. पवईला आयआयटी मुंबईतल्या फॉसी प्रकल्पाच्या मंडळींनी त्यावर लिनक्स चालवून दाखवलं, आणि तेही कार्डावरून. ऑलविनरची चिप जागी झाली की आधी कार्डात डोकावते. तिथे काही नसेल तरच आतल्या मेमरीकडे वळते. कार्ड घातलं की लिनक्स, काढलं की अँड्रॉइड जसंच्या तसं. मोडतोड करत शिकणाऱ्या पोराला आणखी काय हवं? पण आकाशला स्वतःची बॅटरी होती, हे ध्यानात घ्यायला हवं. लाइट गेल्याचा त्याला पत्ताही लागत नसे.

पाय 4 ला बॅटरी नाही, की वेळ धरून ठेवणारं घड्याळही नाही. त्याला सगळ्यात स्वस्त उपाय रास्पी-कॉन्फिगमधल्या ओव्हरले फाइल सिस्टिमचा. ती चालू केली की सगळं लिखाण रॅममध्ये होतं आणि कार्डाला धक्का लागत नाही. मात्र रिबूटनंतर ते लिखाण पुसलं जातं. जपायचा डेटा यूएसबीवरच्या एसएसडीवर ठेवावा. एसएसडी आली की चार्जरचा प्रश्नही आलाच. मोबाइलचा जुना चार्जर आणि बारीक तारेची केबल लावली, तर दाब 4.63 व्होल्टच्या खाली घसरतो आणि पडद्यावर पिवळी वीज चमकते. रास्पबेरी पाय 5 तर 5 व्होल्टला 5 अँपिअरची मागणी करतो. 3 अँपिअरचा अडॅप्टर दिला, तर यूएसबीला मिळून 600 मिलिअँपिअरच सोडतो. यूएसबीची ही अडचण टाळायची, तर ऑरेंज पाय 5 वर एनव्हीएमई एसएसडीसाठी एम.2 खाच मुळातच आहे, रास्पबेरी पाय 5 ला त्यासाठी वेगळी पाटी जोडावी लागते. पुढच्या आठवड्याची सुरुवात इथूनच.