गायी-बैलांच्या रक्ताचे आकडे काय सांगतात?

बीड : दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे निघणाऱ्या बीड जिल्ह्यातील ज्या मजुरांकडे बैलगाडी असते, त्यांच्यासाठी बैलजोडी हेच हंगामाचे भांडवल असते. बैल बसला की मजुरीही बसते. आजार उघड होण्यापूर्वीच त्याची चाहूल देणारे एक साधन म्हणजे रक्ततपासणी. मात्र अहवालातील आकडे वाचण्यासाठी निरोगी जनावराचे रक्त कसे असते, हे आधी ठाऊक असावे लागते.

निरोगी रक्ताची मर्यादा

निरोगी प्रौढ गायी-बैलांत हिमोग्लोबिनचे प्रमाण साधारणतः प्रति 100 मिलिलिटर रक्तात 8 ते 15 ग्रॅम असते. तांबड्या पेशी प्रति घन मिलिमीटर 50 लाख ते 1 कोटी, तर पांढऱ्या पेशी 4 हजार ते 12 हजार असतात. एकूण रक्तात तांबड्या पेशींनी व्यापलेला भाग, म्हणजे ‘पीसीव्ही’, 24 ते 46 टक्के असतो.

माणसाच्या रक्ताशी तुलना केल्यास दोन भेद ठळकपणे दिसतात. गायीच्या तांबड्या पेशी संख्येने अधिक, पण आकाराने लहान असतात. त्यामुळे मानवी रक्तासाठी जुळवलेल्या यंत्रावर गायीचे रक्त तपासल्यास मोजणी चुकू शकते. दुसरे असे, की माणसात पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल अधिक असतात, तर गायीत लिम्फोसाइट अधिक असतात. मानवी अहवालाच्या सवयीने हे प्रमाण पाहणाऱ्यास निरोगी गायही आजारी भासेल.

दुष्काळात फसवा आकडा

गोचिडांमार्फत पसरणाऱ्या थायलेरिओसिस, बबेसिओसिस यांसारख्या रोगांत तांबड्या पेशी नष्ट होऊन हिमोग्लोबिन घसरते. जंतांच्या प्रादुर्भावातही रक्त कमी होते. इओसिनोफिल पेशी वाढलेल्या आढळू शकतात. पांढऱ्या पेशी वाढणे हे संसर्गाचे लक्षण मानले जाते. परंतु गायीच्या अस्थिमज्जेत न्यूट्रोफिलचा साठा तुटपुंजा असल्याने तीव्र संसर्गात प्रारंभी त्यांची संख्या उलट घटते. म्हणून कमी आकडाही तितकाच गंभीर असतो.

बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात आणखी एक बाब महत्त्वाची ठरते. जनावराला पुरेसे पाणी न मिळाल्यास रक्तातील द्रव घटतो, रक्त दाट होते आणि ‘पीसीव्ही’ वाढलेला दिसतो. रक्तक्षय झालेल्या जनावराचा आकडाही अशा वेळी मर्यादेत बसतो. 2019 च्या उन्हाळ्यात जिल्ह्यातील असंख्य जनावरे चारा छावण्यांत होती. अशा काळात आकड्याइतकेच डोळ्यांच्या खोबणी, त्वचेचा लवचिकपणा आणि पापणीच्या आतील रंग पाहणे आवश्यक असते. पाणी पाजल्यानंतर पुन्हा केलेली तपासणी खरे चित्र दाखवते.

देवणी, लालकंधारीचे काय?

पाठ्यपुस्तकांतील मर्यादा मुख्यतः विदेशी जातींच्या अभ्यासावर आधारलेल्या आहेत. मराठवाड्यातील देवणी व लालकंधारी ही जनावरे वेगळ्या हवामानात, वेगळ्या चाऱ्यावर वाढतात. वय, गाभणपण, दूध व श्रम यांनुसारही आकडे बदलतात. नमुना घेताना जनावर बुजले, तर प्लीहा आकुंचन पावून पेशींची संख्या तात्पुरती वाढते. त्यामुळे पुस्तकी मर्यादा दिशादर्शक मानावी, अंतिम निकाल नव्हे.

यावर सोपा उपाय म्हणजे जनावर धडधाकट असतानाच एकदा रक्त तपासून अहवाल जपून ठेवणे. ऊसतोडीला निघण्यापूर्वीचा काळ त्यासाठी सोयीचा आहे. पशुवैद्यकाने शांत उभ्या जनावराच्या मानेच्या शिरेतून नमुना घ्यावा, तो रक्त गोठू न देणाऱ्या नळीत थंड ठेवून लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावा. पुढे जनावर मलूल झाले, तर तुलना परक्या देशातील गायीशी न होता त्याच्याच निरोगी रक्ताशी होईल आणि उपचाराचा निर्णय अधिक अचूक ठरेल.