परदेशात नोकरी, गावात फर्निचर : सौदा कागदावर हवा

आपल्या समाजातील अनेक तरुण सौदी, कतर, दुबई, कुवेतमध्ये घाम गाळतात आणि गावाकडे घर बांधतात. घर उभे राहिले की पुढचा खर्च फर्निचरचा. पुण्याच्या शोरूममधील किमती ऐकल्या की माणूस म्हणतो, गावातल्या सुताराकडूनच करून घेऊ. विचार चांगला आहे. माल मापाचा मिळतो, शोरूमचे भाडे आपल्या माथी बसत नाही आणि पैसा गावातल्या कारागिराच्या घरी जातो. परंतु मालक दमामला, सुतार केडगावात आणि मध्ये चार नातेवाईक व एक फोन, अशा कामात स्वस्त ते महाग कसे होते हे मी घरातच पाहिले आहे. माझा धंदा कापडाचा आहे, सुतारकामाचा नाही. पण सौदा कापडाचा असो की लाकडाचा, त्याचे कायदे एकच.

भाच्याचा अनुभव

माझ्या भाच्याने केडगावच्या नव्या घरासाठी दोन कपाटे, एक पलंग आणि जेवणाचे टेबल सांगितले. मोबाइलवर एका शोरूमचा फोटो पाठवला आणि म्हणाला, "असेच करा." रक्कम ठरली, ती भावाच्या हाती एकदम पाठवली. कागद केला नाही, कारण सुतार ओळखीचा होता.

काम सुरू झाले. आईने सांगितले, कपाटाला आरसा हवा. बायकोने फोन करून सांगितले, खण वाढवा. भावाने दुकानातून हलका प्लाय आणला, कारण कोणता आणायचा हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मोठे कपाट तयार झाले तेव्हा ते जिन्याच्या वळणातून वर जाईना. जुलैमध्ये पलंगाच्या पेटीची झाकणे फुगली. भाचा म्हणाला, फसवले. सुतार म्हणाला, वाढीव कामाची तीन आठवड्यांची मजुरी बाकी आहे. आम्ही चार जण समजूत घालायला बसलो. दोघेही खरे बोलत होते. पण "तेव्हा असे ठरले होते" या वाक्याशिवाय कोणाकडेही पुरावा नव्हता. शेवटी निम्मे-निम्मे करून मिटवले. पैसा गेला तो गेला, पण त्या कारागिराचे नाव गावात विनाकारण खराब झाले. ते नुकसान कोणत्या हिशोबात धरायचे?

शरिअतमध्ये याला नाव आहे

मागणीप्रमाणे वस्तू बनवून देण्याच्या सौद्याला आपल्या फिकहमध्ये 'इस्तिस्ना' म्हणतात. 'सलम'च्या सौद्यात पूर्ण किंमत आधी द्यावी लागते. इस्तिस्नामध्ये ती आधी, हप्त्याने किंवा शेवटी, ठरेल तशी देता येते. म्हणून सुतार, लोहार, शिंपी यांच्या धंद्याला हाच सौदा जवळचा. वस्तू कोणती, कशाची, किती, कशी आणि केव्हा, हे आधी स्पष्ट झाले पाहिजे. इमाम अबू यूसुफ यांचे मत असे की, वस्तू ठरल्याप्रमाणे बनली तर दोघांनाही मागे फिरता येत नाही. उस्मानी सल्तनतीच्या 'मजल्ला' या कायद्याने एकोणिसाव्या शतकात हेच मत स्वीकारले. वस्तू ठरल्याप्रमाणे नसेल तर ती नाकारण्याचा हक्क ग्राहकाला राहतो. 1992 साली जेद्दाच्या इस्लामी फिकह अकादमीनेही हा सौदा दोन्ही बाजूंना बंधनकारक मानला. उशीर झाल्यास रक्कम कमी करण्याची अट घालण्यासही परवानगी दिली, मात्र नाइलाजाने झालेला उशीर त्यातून वगळला.

सूरह बकराची 282 वी आयत आपण तिलावतीत अनेकदा ऐकतो. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा आणि साक्षीदार करा, असा तिचा हुकूम आहे. मग भावाशी किंवा ओळखीच्या सुताराशी कागद करायला लाज का वाटावी? कागद हा अविश्वास नव्हे, तो दोघांच्या इज्जतीची राखण आहे.

सुतारकामाचा दर्जाही आपण विसरतो. हजरत जकरिया (अलै.) सुतार होते. मस्जिदे नबवीचा मिंबर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका अन्सारी स्त्रीकडे निरोप पाठवून तिच्या सुतारकाम जाणणाऱ्या गुलामाकडून झाऊच्या लाकडाचा बनवून घेतला, असे सहीह बुखारीत आहे. तोही सांगून करून घेतलेला मालच होता.

कागदावर काय लिहावे

पहिले, माप. फोटो हा नमुना आहे, माप नव्हे. लांबी, रुंदी, उंची आणि जाडी आकड्यात लिहावी. खोलीच्या दाराचे आणि जिन्याच्या वळणाचे मापही घ्यावे. मोठे कपाट दोन भागांत करून वर जोडता येते.

दुसरे, लाकूड. सागवान घनफुटावर विकले जाते. लांबी फुटात आणि रुंदी-जाडी इंचात घेऊन गुणाकार करावा व 144 ने भागावे. पलंगाची पट्टी 6 फूट लांब, 6 इंच रुंद, 2 इंच जाड असेल तर 72 भागिले 144, म्हणजे अर्धा घनफूट. रंध्याखाली जाडी घटते. म्हणून लिहिलेले माप रंधा मारण्याआधीचे की नंतरचे हेही लिहावे. आम्ही गिऱ्हाईकाला सांगतो की कपडा धुतल्यावर आटतो. ओले लाकूडही वाळताना आटते आणि पावसाळ्यात फुगते. म्हणून वाळलेले लाकूडच घ्यावे आणि शक्यतो काम पावसाळ्याबाहेर करावे.

तिसरे, प्लाय. त्यावर आयएसआय शिक्का पाहावा. साध्या कपाटाला आयएस 303 चा प्लाय चालतो, स्वयंपाकघरात आयएस 710 चा मरीन प्लाय बरा. शीट 8 फूट बाय 4 फूट येते. कपाटाची खोली पावणेचोवीस इंच ठेवली तर 4 फुटांत दोन पट्ट्या निघतात. हौसेने 25 इंच केली तर एकच निघते आणि उरलेली पट्टी कपाटाच्या बाजूला पुरत नाही. एका इंचाने शीटचा खर्च वाढतो.

चौथे, मजुरी. काम उक्ते की रोजावर, मालासहित की फक्त मजुरी, बिजागऱ्या, कुलपे आणि पॉलिश कोणाकडे, हे लिहावे. वाढीव काम आले तर आधी भाव ठरवून त्याच कागदाखाली नोंद करावी. हुकूम देणारा माणूस एकच असावा, बाकीच्यांनी त्याला सांगावे.

पैसा आणि देखरेख

सगळी रक्कम एकदम पाठवू नये, आणि कारागिराला उपाशीही ठेवू नये. मालाचे पैसे दुकानदाराला थेट द्यावेत व बिल घ्यावे. मजुरीचे टप्पे करावेत : काही सुरुवातीला, काही सांगाडा उभा राहिल्यावर, काही पॉलिशआधी आणि शेवटचे सर्व बसवून दिल्यावर. प्रत्येक टप्प्यावर व्हिडिओ कॉलने काम पाहावे. सनमायका लावण्याआधी तर पाहावेच. सनमायका एकदा चिकटला की आत काय आहे ते अल्लाहलाच ठाऊक.

अनिवासी झालेल्या माणसाने बँकेत एनआरई किंवा एनआरओ खाते ठेवावे, जुने साधे बचत खाते तसेच चालवू नये. सौदी, अमिराती, कतर, ओमान अशा देशांतील मोबाइल क्रमांक या खात्यांशी जोडून यूपीआय वापरण्याची परवानगी 2023 मध्ये मिळाली आहे. बँकेने ही सोय दिली असेल तर दुकानदाराला थेट पैसे देता येतात. भावाच्या हातून होणारा गोंधळ टळतो आणि नोंदही राहते.

खर्च वाचवायचा तर जिथे दिसते आणि जिथे भार येतो तिथे सागवान वापरावे, बाकी ठिकाणी प्लाय. जुने वाडे पाडताना निघालेले सागवानही मिळते. ते वर्षानुवर्षे वाळलेले असते, फक्त खिळे आणि वाळवी तपासून घ्यावी. पण कारागिराच्या मजुरीत घासाघीस करून बचत करू नये. मजुराच्या घामाची हदीस आपण सर्व जाणतो.

कारागीर बंधूंनाही एक विनंती. परदेशातील गिऱ्हाइकाला तुमचे काम डोळ्यांनी पाहता येत नाही, म्हणून तो तुमच्या शब्दावर पैसा लावतो. एक वही ठेवा, कागदाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा, तारीख पाळता येत नसेल तर आधी कळवा. भाच्याच्या धाकट्या भावाने पुढे त्याच सुताराकडून काम करून घेतले. या वेळी दीड पान कागद होता आणि दोघांच्या सह्या होत्या. बैठक बसवावी लागली नाही. अल्लाह आपल्या सौद्यात सचोटी आणि बरकत देवो.