रोगप्रतिकारक पेशी: गर्भात आणि जन्मानंतर

मंडळी, रोगाशी लढणाऱ्या पेशी शरीरात कुठे तयार होतात असं विचारलं, की उत्तर येतं, हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत. बरोबर आहे. पण तीन आठवड्यांच्या गर्भाला हाडंच नसतात. मग तेव्हा काय?

उंदराचं उदाहरण घेऊ. त्याचा गर्भकाळ साधारण 20 दिवसांचा. सातव्या-आठव्या दिवशी गर्भाला लागून असलेल्या योक सॅक नावाच्या पिशवीत रक्ताच्या पहिल्या पेशी दिसतात. त्यांच्यापासून तयार झालेल्या काही भक्षक पेशी मेंदूत जाऊन बसतात आणि त्यांचा वंश पुढे तिथेच चालू राहतो. दहाव्या-अकराव्या दिवशी महारोहिणीच्या भिंतीतून खऱ्या मूळपेशी निघतात. त्या यकृतात जातात, वाढतात, आणि जन्माच्या सुमारास मज्जेत मुक्काम हलवतात. माणसातही क्रम हाच, वेळापत्रक तेवढं लांब.

पण पेशी तयार झाली म्हणजे ती कामाची झाली असं नाही. टी पेशींना छातीच्या मधल्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत जावं लागतं. तिथे त्यांची परीक्षा होते. जी पेशी आपल्याच शरीरावर उलटेल, ती बाद. जिला काहीच ओळखता येत नाही, तीही बाद. शंभरातल्या नव्वदहून अधिक पेशी तिथेच मरतात.

ही ग्रंथी निरुपयोगी आहे असा एकेकाळी समज होता. 1961 साली जॅक मिलर यांनी लंडनमध्ये नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली. त्यांच्या रक्तात लिम्फोसाइट कमी पडल्या, परक्या उंदराची कातडी लावली तरी शरीराने ती नाकारली नाही, आणि बरेच उंदीर संसर्गाने मेले. मोठ्या उंदरांची ग्रंथी काढली तेव्हा असा परिणाम दिसला नव्हता. का? कारण त्यांच्या टी पेशी आधीच तयार होऊन शरीरभर पसरल्या होत्या.

आता जन्मलेल्या पिल्लाकडे बघा. पेशी आहेत, पण बाहेरच्या जंतूंशी त्यांची ओळख नाही. तोवर आईची प्रतिपिंडं उसनी मिळतात. माणसात ती वारेतून येतात, आणि मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. म्हणून वेळेआधी जन्मलेल्या बाळाची शिदोरी अपुरी असते. गाईच्या वारेतून मात्र ती जात नाहीत. वासराला सगळी भिस्त चिकावर ठेवावी लागते, आणि त्याचं आतडं ही प्रतिपिंडं जशीच्या तशी शोषून घेतं ते साधारण पहिल्या 24 तासांतच. पहिल्या काही तासांत तर सगळ्यात चांगलं. तेव्हा खरवस जरूर करा, पण आधी वासराचं पोट भरू द्या!

एक प्रश्न आलाय: गोवराची लस जन्मल्याबरोबर का देत नाहीत? कारण हेच. आईची प्रतिपिंडं लसीतल्या विषाणूलाही निकामी करतात, मग बाळाच्या पेशी शिकणार कशावर? म्हणून आपल्याकडे पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर. तोपर्यंत उसनी शिदोरी बरीचशी संपलेली असते. म्हणून ती तारीख पुढे ढकलू नका. मधल्या काळात बाळाजवळ ना आईचं संरक्षण असतं, ना स्वतःचं.