परसातील पाहुणे

आमच्या लोद येथील घरामागे लहानसे परस आहे. तेथील जुन्या जैतुनाच्या ढोलीत काही वर्षांपूर्वी हुदहुदाच्या जोडप्याने घरटे केले. लांब बाकदार चोचीने ओली माती उकरून ते अळ्या टिपीत आणि चाहूल लागताच डोक्यावरील तुरा पंख्यासारखा उघडीत. पवित्र तोरेत अभक्ष्य पक्ष्यांत गणलेला ‘दुखिफत’ तो हाच; २००८ साली तो इस्राएलचा राष्ट्रीय पक्षी ठरला.

पुढे साळुंक्या आल्या. रेवदंड्याच्या अंगणातील तीच पिवळी चोच, तोच कलकलाट! माहेरचे माणूस भेटावे तसा आम्हांस आनंद झाला. आम्ही त्यांना रोज भाकरीचा चुरा घालू लागलो. एके सकाळी ढोलीखाली हुदहुदाची अंडी फुटून पडली होती आणि आत साळुंक्या गवत भरीत होत्या.

मागाहून चौकशी करता समजले, की पिंजऱ्यातून सुटलेल्या साळुंक्या १९९७ च्या सुमारास तेल अवीवच्या यार्कोन उद्यानात प्रथम दिसल्या आणि पुढे देशभर पसरल्या. इतर पक्ष्यांच्या ढोल्या त्या बळकावतात. आम्ही येथे स्वेच्छेने आलो. त्यांना मात्र माणसाने आणले. दोष त्यांचा कसा म्हणावा?

तथापि चुरा आम्ही बंद केला. ढोलीत साळुंकीचे गवत दिसले, की अंडी घालण्यापूर्वीच ते काढतो. माती ओली ठेवतो, कीटकनाशक फवारीत नाही. गेल्या वसंतात हुदहुद पुन्हा परसात उतरला. बंधुभगिनींनो, पाखरांशी स्नेह जरूर करावा. परंतु दाणे टाकण्यापूर्वी ढोलीत कोण राहते, ते पाहावे.